पुढचं वाक्य

तिनं वाक्य दिलं, आणि ते तोंडातून सुटतं न सुटतं तोच तिला कळलं, की कुणीही काही विसरलेलं नव्हतं. दुपारची तालीम होती. हॉलच्या मधोमध, सगळी मंडळी ज्यांना आजोबा म्हणायची ते ज्येष्ठ नट उभे होते आणि त्यांच्यासमोर एक रिकामी खुर्ची. नाटकातला म्हातारा मुलाला शेवटचा निरोप देऊन घरी परततो, मुलाच्या खुर्चीपाशी येतो आणि म्हणतो, ‘बसतो जरा.’ एवढंच. इतके दिवस आजोबा ते वाक्य चालता चालता टाकून मोकळे व्हायचे. आज ते थांबले. खुर्चीकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे, पुन्हा खुर्चीकडे, आणि बोललेच नाहीत. वर पंखा तेवढा कुरकुरत होता. बाजूच्या स्टुलावर, मांडीवर संहिता उघडून बसलेल्या तिच्या घशातून ते वाक्य कुणीतरी ढकलल्यासारखं बाहेर पडलं. ‘बसतो जरा.’ हळू, पण स्वच्छ. आजोबा सावकाश वळले. तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. घरातलं जुनं घड्याळ अचानक चुकलं, की माणूस जसं बघतो तसं ते बघणं होतं. दिग्दर्शकानं घसा खाकरला आणि म्हणाला, “चला, चहा घेऊन टाकू.”

वीसेक वर्षं ती हेच काम करत आली होती. प्रयोगाच्या वेळी विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी, छोट्या दिव्याखाली संहिता धरून बसायचं, बोट ओळीवर ठेवायचं, आणि नट अडला की पुढचं वाक्य त्याच्यापुरतं त्याच्या कानात सोडायचं. नटमंडळी तिला कुजबूज म्हणायची. “कुजबूज आली का?” “कुजबूजला डब्यातलं दे गं.” खरं नाव कार्यक्रमपत्रिकेत सगळ्यात खाली, सुतार आणि चहावाल्याच्या शेजारी छापलेलं असायचं, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. लोकांना वाटतं, या कामाला आवाज लागतो. आवाज कुणाकडेही असतो. लागतो तो कान. नट गप्प झाला, की तो विसरलाय की थांबलाय, एवढं ओळखता आलं पाहिजे. विसरलेल्याचा श्वास वर छातीत अडकलेला असतो, त्याचे अंगठे नकळत हलतात. थांबलेल्याचा श्वास पोटात असतो, त्याला कसलीच घाई नसते. विसरलेल्याला वाक्य दिलं नाही तर तो बुडतो, आणि थांबलेल्याला दिलं तर त्याचं सोनं मातीत जातं. यातली दुसरी चूक तिनं कधी केली नव्हती. नवे प्रॉम्प्टर करतात, भीतीपोटी करतात. तिनं उमेदवारीतसुद्धा केली नव्हती. आज केली. आणि आजोबांचा श्वास पोटात होता, हे तिला दिसत होतं. दिसत असूनही तिला ती शांतता सोसली नाही.

आजोबा चहाचे दोन कप घेऊन तिच्यापाशी आले. पस्तिशीपासून हा माणूस म्हाताऱ्यांच्याच भूमिका करत आला होता, त्यामुळे खरं म्हातारपण आलं तेव्हा त्याला मेकअपचा खर्च वाचण्यापलीकडे फारसा फरक पडला नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

“मी विसरलो नव्हतो गं,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“तेच म्हणतोय मी. तुला माहीत असतं.” त्यांनी कप तिच्या हातात दिला. “घरी कसं आहे? तुझे मास्तर काही बोलतात का?”

“नाही.”

आजोबांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, “एक सांगू? तरुणपणी मी फार भरभर बोलायचो. थांबायची हिंमतच नव्हती. थांबलो आणि पुढचं सुचलंच नाही तर, ही धास्ती. तू आल्यावर थांबायला लागलो. तुझ्याकडे बघत नाही मी कधी, पण मागे कुणीतरी बसलंय हे पाठीला ठाऊक असतं. ज्याच्या मागे कुणी नाही तो थांबत नाही बाई, तो पळत सुटतो.” त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “जा आज घरी. माझं तोंडपाठ आहे.”

शेवटचं वाक्य त्यांनी दिलासा म्हणून म्हटलं होतं. तिला ते झोंबलं. ज्याला सगळं तोंडपाठ आहे त्याला कुजबुजीची गरज काय? तिनं संहिता पिशवीत घातली, केसांना हात लावला आणि कुणाचा निरोप न घेता जिना उतरली. रस्त्यावर ऊन कलत आलं होतं. दुकानांची शटरं अर्धी खाली, अर्धी वर. बसथांब्यावर बाकाचा एक कोपरा रिकामा होता, तिथं ती बसली. एक बस आली, ती तिची होती. गेली. ती उठली नाही. घरी जायचं नव्हतं असं नाही. घरी गेल्यावर जे होणार होतं ते सुरू करायला अंगात बळ नव्हतं. खरं तर हल्ली रोज सकाळी जाग येताच पहिला विचार यायचा तो हा, की आज उठलोच नसतो तर बरं झालं असतं. दोघंही. एकदमच. कुणाला त्रास नाही. विचार यायचा आणि ती घाईघाईनं उठून बसायची, दुधाचं भांडं गॅसवर ठेवायची, जसं काही तो विचार शेजारच्या घरातला होता आणि चुकून तिच्या खिडकीतून आत आला होता. पण तो रोज यायला लागला, तेव्हा तिनं ओळखलं की तो शेजारचा नाही.

तिचा नवरा मोटार चालवायला शिकवायचा. सगळी आळी त्याला मास्तर म्हणायची, आणि मास्तर म्हणजे बोलण्याचा धबधबा. त्याच्या गाडीत शिकाऊ माणसाच्या पायाशी जसा ब्रेक असतो तसा एक जादा ब्रेक त्याच्याही पायाशी होता. स्टिअरिंगला घट्ट धरून घामाघूम झालेल्या बायकांना, पोरांना, निवृत्त कारकुनांना तो म्हणायचा, “घाबरायचं नाही. ब्रेक माझ्याकडेही आहे.” दिवसभर हेच, वर चार विनोद, दोन टोमणे, आणि घरी आल्यावर पुन्हा त्या सगळ्यांच्या नकला. ती म्हणायची, “अरे, मी दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं ऐकून आलेय, जरा गप्प बस.” तो म्हणायचा, “तुझ्या नटांना तू वाक्यं पुरवतेस, मला कधी पुरवावं लागलं का?” नाही, कधीच लागलं नाही. आणि मग एके दिवशी चालत्या गाडीत, एक मुलगी वळण घेत असताना, मास्तरचं बोलणं वाक्याच्या मध्येच बंद पडलं. मुलीनं आधी हसून बघितलं. तिला वाटलं सर नक्कल करतायत. मग त्याचं डोकं काचेला टेकलं आणि तिनं कशीबशी गाडी कडेला घेऊन उभी केली. स्वतःच्या ब्रेकनं. दवाखान्यात ती मुलगी रडत रडत पुन्हा पुन्हा तेवढंच सांगत होती, “सर म्हणाले होते, ब्रेक त्यांच्याकडेही आहे.”

अर्धांगवायूचा झटका होता, पण माणूस वाचला. उजवा हात आणि पाय बरेचसे परत आले. कळतं सगळं, ओळखतो सगळ्यांना, डोळ्यांत पूर्वीचाच माणूस बसलेला दिसतो. फक्त शब्द गेले. तोंड उघडतो, ओठ हलतात, आणि काही येत नाही. आलंच तर एक लांबट, अर्धवट आवाज येतो, आणि तो आवाज स्वतःच ऐकून त्याचा चेहरा उतरतो. नणंद पहिल्या दिवसापासून म्हणत आली, “वहिनी, देवानंच सांभाळलं बरं. चालती गाडी होती. कुणाच्या अंगावर गेली असती, पुलावरून खाली गेली असती.” नणंद मनाची चांगली. भावासाठी रोज दुपारी येऊन बसते, त्याची दाढी करते, त्याच्याशी बाजारभावापासून नातेवाइकांच्या भांडणांपर्यंत सगळं बोलते. पण हे वाक्य ऐकलं की ही मनातल्या मनात भांडायला उठायची. सांभाळलं? मग अर्धवट का सांभाळलं? वाचवायचं तर नीट वाचवायचं. हे म्हणजे भिंत अर्धी बांधून गवंडी गावाला गेला आणि लोकांनी त्याच्या नावानं आभार मानायचे. ब्रेक तुझ्याकडेही होता ना? मग तू कुठं बघत होतास?

असं ती देवाशी बोलायची. पूर्वी असं बोलायची नाही. लहानपणी तिच्या वडिलांना रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी खिडकीपाशी खुर्ची ओढून, डोळे मिटून बसताना ती बघायची. बाबा पाणीपुरवठ्याच्या केंद्रावर पंप बघायचे, कमी बोलायचे, देवाधर्माची चर्चा कधी करायचे नाहीत. फक्त बसायचे. धाकटा भाऊ तापानं गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं बघितलं तर बाबा खिडकीपाशी, त्याच खुर्चीत. तिला इतका संताप आला, की लहान होती तरी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. “आता काय मागताय त्याच्याकडे?” बाबांनी डोळे उघडले. रात्रभर रडून ते सुजले होते. “मागत नाही गं,” ते म्हणाले. “जाऊन बसतो नुसता.” तिनं विचारलं, “तो बोलतो तुमच्याशी?” बाबांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाले, “अजून नाही.” आणि उठून कामावर गेले, कारण पंप बंद राहिला असता तर अर्ध्या गावाचे नळ कोरडे पडले असते. तेव्हा तिला वाटलं होतं, बाबांकडे उत्तर नाही. मोठी झाल्यावर वाटलं, बिचारे साधे होते. आता बाकाच्या कोपऱ्यावर बसून ती ‘अजून’ या शब्दाकडे बघत होती आणि तो कसा काय म्हणवला असेल त्या माणसाला, हे तिला कळत नव्हतं. तिला तर ‘अजून’ म्हणायची सुद्धा भीती वाटत होती.

कारण सकाळीच त्या उपचार करणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं. बोलणं परत आणण्याचे उपचार करणारी ही मुलगी वयानं तिला लेकीसारखी, सदा सर्दी झालेली, बोलता बोलता नाक पुसणारी. पण कामाला चोख. तिनं नवऱ्यासमोर किल्लीचं चित्र धरलं होतं आणि विचारलं होतं, “मास्तर, हे काय?” मास्तरनं तोंड उघडलं, आणि शेजारी बसलेली ही म्हणाली, “किल्ली.” मग फुलाचं चित्र. “फूल.” मुलीनं चित्रं खाली ठेवली. “मावशी, तुम्ही नका ना सांगू.” “अगं, मी कुठं सांगितलं?” तिला खरंच कळलं नव्हतं. मुलगी तिला बाहेरच्या पॅसेजमध्ये घेऊन गेली. “शब्द त्यांच्यापाशी आहेत, मावशी. त्यांना तिथवर जायची वाट सापडत नाहीये. तुम्ही हातात आणून दिलात, की ते वाट शोधायचं सोडून देतात. घरीही असंच होत असणार.” होत होतंच. दिवसभर होत होतं. मुलीनं नाक पुसलं आणि नजर चुकवत म्हणाली, “पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू. तोवर स्वतःहून एक तरी शब्द आला तर फार बरं. नाही आला, तर मला वाटतं आपण शब्दांचा नाद सोडून त्यांना पाटी वापरायला शिकवू.” ती पाटी पॅसेजमधल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या मांडीवर होती. पेला, पलंग, दिवा, औषधाची बाटली, अशी चौकोनाचौकोनात चित्रं, हवं त्यावर बोट ठेवायचं. ती बघत राहिली. या चौकोनांत नक्कल कुठं बसणार होती? टोमणा कुठं? मास्तर आपला उरलेला जन्म पेल्यावर आणि पलंगावर बोट ठेवत काढणार, आणि ती त्याला पेला आणि पलंग देत राहणार, हे तिला इतकं स्पष्ट दिसलं, की तालमीला जाईपर्यंत तिला दुसरं काही दिसलंच नाही.

आणखी एक बस आली आणि गेली. बाकावर तिच्या शेजारी एक माणूस भिंतीला डोकं टेकून घोरत होता. तिनं मनातल्या मनात म्हटलं, सांग ना रे, काय करू? आणि सवयीनं लगेच उत्तर आलं: धीर धर, सगळं ठीक होईल. ती दचकली. तो आवाज तिचा होता. हळू, स्वच्छ, वेळेवर आलेला. वीस वर्षं नटांच्या कानात सोडलेला तोच आवाज. आणि मग एकामागून एक तिला आठवत गेलं, की गेले कितीतरी महिने, नव्हे, कितीतरी वर्षं हेच चाललं होतं. ती विचारायची, आणि देवानं तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य स्वतःच देऊन टाकायची. ठीक होईल. तुझी परीक्षा आहे. सगळं चांगल्यासाठी होतं. आणि मग आपलाच आवाज ओळखून म्हणायची, छे, तिथं कुणी नाहीच. दुसरं कुणी ऐकू येणार कसं? तिनं त्याला कधी क्षणभर गप्प राहू दिलं होतं का? तिला त्या तशा अवस्थेतही हसू आलं. प्रत्यक्ष देवाला प्रॉम्प्ट करणारी बाई! मास्तरला हे सांगितलं असतं, तर त्यानं आठवडाभर नक्कल केली असती. आणि मास्तरला हे सांगता येणार होतं, पण मास्तर नक्कल करणार नव्हता, हे लक्षात येऊन ते हसू जागच्या जागी मिटलं.

तिनं पुन्हा विचारलं. आहेस का? आणि या वेळी ओठ मिटून, दातांवर दात ठेवून ती थांबली. काही आलं नाही. रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत नेली. समोरच्या इमारतीत खिडकी उघडली, चादर झटकली गेली, खिडकी बंद झाली. काही आलं नाही. हे विसरणं आहे की थांबणं, कसं ओळखायचं? नटाचे अंगठे दिसतात, श्वास दिसतो. इथं काय बघायचं? ती त्या शांततेच्या काठावर उभी होती आणि आत वाकून बघताना तळ दिसत नव्हता. तरी तिनं वाक्य दिलं नाही. का, ते तिला सांगता आलं नसतं. विश्वास होता म्हणून नव्हे. दमली होती म्हणून असेल. सगळ्यांची सगळी वाक्यं तिनंच सांभाळायची, हा मक्ता आता पेलत नव्हता. मग बस आली. आकाशवाणी नव्हे, नुसती बस, तीही उभं राहायला जेमतेम जागा असलेली. ती चढली.

दार नणंदेनं उघडलं. खांद्याला पिशवी लावून ती निघायच्या तयारीतच होती. “आज लवकर? बरं झालं. दादानं जेवण नीट घेतलंय. तुझं झाकून ठेवलंय ओट्यावर.” मग हिच्या चेहऱ्याकडे बघून तिनं आवाज खाली आणला. “वहिनी, काय म्हणाली ती मुलगी?”

“पाटी देणार म्हणाली. पुढच्या आठवड्यापासून.”

नणंदेनं खांद्यावरची पिशवी सावरली. मग नेहमीचंच बोलली, “देव आहे गं.” पण आज ते म्हणताना तिचीही हनुवटी थरथरली. ही पहिल्यांदाच तिच्यावर चिडली नाही. आपल्याला वाटत होतं तेवढं हे वाक्य तिलाही सोपं जात नाही, भावाची दाढी करताना ती ते रोज स्वतःलाच ऐकवत असणार, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं नणंदेचा हात धरला, सोडला. दार लागलं.

मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. दाढी गुळगुळीत, केस विंचरलेले. ती समोर जाऊन बसली आणि रोज व्हायचं तेच सुरू झालं. ती बाहेरून आली की तो असाच तिच्याकडे बघायचा, डावा हात उचलून तिच्या दिशेनं करायचा, ओठ हलवायचा. तिच्या पाठीमागे तिपाईवर पाण्याचा तांब्या असायचा. “पाणी? थांब, देते.” ती उठून पाणी द्यायची, तो प्यायचा. हात पुन्हा उठला तर, “दिवा लावू? पाय दुखतोय?” कधी ना कधी तो मान हलवायचा, आणि ती सुटायची. आजही हात उठला. ओठ उघडले. तिच्या जिभेच्या टोकावर ‘पाणी’ येऊन उभंच राहिलं होतं. तिनं ते गिळलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले, एका हातानं दुसरा घट्ट धरला, आणि बसून राहिली.

त्यानं वाट बघितली. तिच्याकडून काही येईना, तेव्हा त्याच्या डोळ्यांत गोंधळ उमटला, मग थोडी भीती. नटाची नजर विंगेकडे वळावी तशी त्याची नजर तिच्या ओठांवर आली. तिला वाटलं, हा छळ आहे. बुडणाऱ्या माणसासमोर दोर धरून आपण काठावर बसलोय. त्याचा श्वास वरच, छातीत अडकलेला. तिचा कान तिला ओरडून सांगत होता, हा विसरलाय, दे, दे त्याला. एक आवाज आला, लांबट, अर्धवट. तो ऐकून त्याचा चेहरा पडला. त्यानं मान फिरवली. खुर्चीच्या हातावर डावी मूठ आपटली. पुन्हा आपटली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ते पुसायला सुद्धा तिनं हात सोडवला नाही. मनातल्या मनात ती काही तरी म्हणाली. मागणं असं नव्हतं ते. सांभाळ, एवढाच शब्द होता. त्याला सांभाळ की मला, याचा तिला पत्ता नव्हता. म्हणून झाल्यावर तिनं त्यापुढचं वाक्य लावलं नाही. पाठीमागे तांब्या होता, भिंत होती, त्यापलीकडे काय होतं ते तिला दिसत नव्हतं, आणि तिनं वळून बघितलं नाही. ती नुसती टेकली. खुर्चीला टेकतात तसं नव्हे, आतून. एवढे महिने आपण किती ताठ बसलो होतो, ते तिला तेव्हा कळलं.

खोलीत उजेड कमी होत गेला. मास्तरनं मान पुन्हा तिच्याकडे वळवली. तिच्या डोळ्यांकडे बघितलं, ओले गाल बघितले, आणि त्याच्यात काहीतरी बदललं. मूठ सैल झाली. श्वास सावकाश खाली उतरला. घाबरलेल्या शिकाऊ मुलांना धीर देताना तो असा शांत व्हायचा. त्यानं डावा हात उचलला, तिच्या दिशेनं केला, आणि या वेळी तो हात तिथंच धरला, तिच्यावर रोखलेला. तांब्यावर नव्हे. तांब्या मागे, एका बाजूला होता. तिच्यावर.

“जे,” तो म्हणाला.

तिच्या मनानं झडप घातली: जेवायचंय? भूक लागलीय? ओठांपर्यंत आलंही. तिनं खालचा ओठ दाताखाली धरला.

“जे... व...” त्याच्या कपाळावर घाम आला. हात अजून तिच्याकडेच. “जेव... लीस?”

आधी तिला तो शब्द शब्द म्हणून ऐकूच आला नाही. आवाज तेवढा ऐकू आला, खरखरीत, बसलेला, पण त्याचाच. मग अर्थ आला. सकाळपासून तिनं चहापलीकडे काही घेतलं नव्हतं. कालचं आठवत नव्हतं. आणि ते कुणी विचारलंही नव्हतं, असं ती समजत होती. इतके महिने, रोज संध्याकाळी, ती दारातून आत आली की हा माणूस हात उचलून तिला हेच विचारत होता, आणि ती त्याला पाणी पाजत होती. तहान नसताना तो ते पीत होता, ती सुटावी म्हणून मान हलवत होता. ती त्याला सांभाळत होती असं तिला वाटत होतं. कुणीतरी सतत आपल्याकडे बघत होतं, आपल्या सुकलेल्या तोंडाकडे, खाली गेलेल्या गालांकडे, आणि आपण स्वतःच्या आवाजापुढे त्याला बोलू दिलं नव्हतं, या जाणिवेनं ती हादरली. ती मोठ्यानं रडली. लाज न बाळगता, लहान मुलीसारखी रडली, आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं, की तो अजून उत्तराची वाट बघतोय.

“नाही रे,” ती म्हणाली. “नाही जेवले.”

त्यानं भुवया उंचावल्या. मग तोच हात स्वयंपाकघराकडे वळवला, रागावल्यासारखा.

ती उठली. ओट्यावरचं झाकलेलं ताट घेऊन आली, दिवा लावला आणि त्याच्यासमोर बसून जेवायला लागली. जेवण गार झालं होतं आणि तिला प्रचंड भूक लागली होती. तो काही बोलला नाही, तिनंही त्याच्या वतीनं काही म्हटलं नाही. तिचं ताट संपेपर्यंत तो बघत बसला.